खोकल्याला आठ गुण

काच तोडणं माणसाला उपजत येतं. काच हवी तिथे तोडणं मात्र शिकवावं लागतं. शिक्षणाची गरज काय, असं विचारणाऱ्यांना याहून चोख उत्तर देता येत नाही. म्हणूनच शाळेत काचकलेचा वर्ग सुरू झाला तेव्हा सर्वांना आनंद झाला. (झाडू मारणाऱ्यांना थोडा कमी झाला.)

वर्ग मागच्या खोलीत भरायचा. एक लांब टेबल, त्यावर जुनी चादर, भिंतीला टेकवून ठेवलेल्या निळ्या, हिरव्या, पिवळ्या काचा आणि कोपऱ्यात तुकड्यांसाठी पत्र्याचा डबा. दुपारी ऊन आलं की सगळी खोली रंगायची, आणि गणितात नापास झालेली मुलंसुद्धा तिथे राजबिंडी दिसायची. ती मुलं आता आजोबा झाली आहेत. शिकवणाऱ्या बाईंना सगळे काचबाई म्हणत. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं.

काचबाई ही गुणी बाई. त्यांना काचेची भीती वाटायची, एवढं सोडलं तर काचकलेच्या शिक्षिकेला लागणारे सगळे गुण त्यांच्यात होते. हिरकणीने, म्हणजे काच कापायच्या हिऱ्याच्या टोकाने, काचेवर रेघ ओढायला त्यांना काही वाटत नसे. कापड फाटावं तसा बारीक आवाज व्हायचा, रेघ सुतासारखी यायची. पण मग ती काच दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये धरून मोडायची वेळ आली की त्या डोळे मिटून घ्यायच्या.

पहिल्या वर्षी, पहिल्या दिवशी, मुख्याध्यापकांच्या देखत त्यांनी रेघ ओढली, काच उचलली, आणि घसा इतका कोरडा पडला की त्या खोकल्या. मग काच मोडली. सरळ. मुख्याध्यापक ‘वा’ म्हणाले. मुलांनी वहीत लिहून घेतलं: रेघ ओढणे. खोकणे. मोडणे.

पहिल्या चाचणीत सगळा वर्ग ओळीने खोकला तेव्हा बाईंना वाटलं, साथ आली. त्यांनी खिडक्या उघडायला लावल्या. नंतर वह्या पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला. आता येत्या सोमवारी ही चूक दुरुस्त करायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. पण चाचणीचे निकाल उत्तम लागले होते, आणि जे चांगलं चाललंय त्यात हात घालू नये, हे त्यांना घरच्या शिलाई मशीनवरून माहीत होतं. तो सोमवार पुढे गेला. पुढे पुढे जाता जाता तो बाईंबरोबरच निवृत्त झाला.

दरम्यान शास्त्राची प्रगती थांबली नाही. साध्या काचेला एक खोकला, गोलाईला दोन. लाल काच महाग, म्हणून तिला तीन. परीक्षेत वीस गुण असत, त्यांची वाटणी अशी: रेघेला सहा, खोकल्याला आठ, मोडण्याला चार, टापटिपीला दोन. खोकल्यात शून्य मिळालं की बाकीचे गुण धरत नसत. (खोकल्याला मोडण्याच्या दुप्पट गुण का, असं एका पालकाने एकदा विचारलं होतं. मोडणं नशिबावर असतं, खोकला मेहनतीवर, हे ऐकून त्यांचं समाधान झालं.) बाईंचे विद्यार्थी इतर शाळांत काचकला शिकवू लागले, आणि त्यांच्यात तोंड उघडं ठेवून खोकावं की मिटून, यावरून दोन पक्ष पडले. दोन्ही पक्ष बाईंकडे न्याय मागायला आले. बाई म्हणाल्या, “तुम्ही दोघंही माझीच मुलं.” या उत्तराचं फार कौतुक झालं. बाईंनाही ते आवडलं, कारण त्यात काहीच नव्हतं.

निवृत्तीनंतरही बाईंना आठवड्यातून दोनदा वर्गावर बोलावत. अशाच एका वर्षी बेकरीवाल्याची मुलगी वर्गात आली.

ही मुलगी खोकत नसे. ती रेघ ओढायची, काच उचलायची आणि बिस्कीट मोडावं तशी मोडायची. टक्. तुकडा असा यायचा की पट्टी लावून पाहणाऱ्याने पट्टीवर संशय घ्यावा. गावातल्या रंगीत खिडक्यांच्या कारखान्यात दरवर्षी या वर्गातल्या पास झालेल्या एकाच मुलाला कामावर घेत. मुलीला ती जागा हवी होती. इतकी, की ती सुट्टीतही कारखान्याच्या फाटकाशी उभी राहून आतल्या काचा पाहायची.

वार्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. ते बाईंचेच जुने विद्यार्थी. खोकल्यात वर्गात पहिले आलेले. त्यांनी मुलीला नापास केलं आणि शेरा लिहिला: ‘काच तुटली, परंतु का तुटली याचं समाधानकारक कारण दिसून आलं नाही.’

बाईंनी मुलीला जिन्यात गाठलं.

“अगं, एकदा खोकली असतीस तर काय बिघडलं असतं?”

“मला खोकला नव्हता आला, बाई.”

“येत नसतो गं. आणायचा असतो.”

“तुम्हाला येतो ना पण. दमा आहे का?”

“नाही. भीती वाटते.”

“कसली?”

“वाकडी तुटेल याची.”

“मग वाकडी तुटली तर काय होतं?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न बाईंना कुणी विचारला नव्हता. अभ्यासक्रमात नव्हताच तो. त्या म्हणाल्या, “तुकडा डब्यात टाकायचा आणि दुसरी काच घ्यायची.”

“एवढंच?” मुलगी म्हणाली.

प्रकरण पालकसभेपुढे आलं. निकाल बदलायचा तर सभेची संमती लागते, कारण काचकला हा शाळेचा मानबिंदू आहे. बेकरीवाला पिठाच्या हातांनीच आला होता.

“माझी पोर आजारी नाही म्हणून नापास करता होय?” तो म्हणाला.

“भावना समजू शकतो,” परीक्षक म्हणाले. “पण पद्धत म्हणून काही असते की नाही?”

तेव्हा काचबाई उठल्या. गुडघे धरून, पण उठल्या.

“खोकल्याचा आणि काचेचा काडीचा संबंध नाही,” त्या म्हणाल्या. “ती माझी सवय होती. मुलीची जागा तिला द्या.”

सभेने भिंतीवरच्या प्रमाणपत्रांकडे पाहून घेतलं. मग एक आई म्हणाली, “अहो, आम्ही रोज संध्याकाळी घरी सराव करून घेतो. तो काय उगाच?” एका वडिलांनी मुलाचा खोकला उत्तम असल्याचं डॉक्टरांचं पत्र बरोबरच आणलं होतं, ते त्यांनी उंच धरलं.

“बाईंनी करून दाखवावं,” कुणीतरी मागून म्हणालं. “न खोकता.”

निळी काच आणली गेली. बाईंनी रेघ ओढली, सुतासारखी. काच उचलली. घशात खवखवू लागलं. त्यांनी दात आवळून ते परतवलं. पण खोकला गिळला तसा तो हातांत उतरला. काच रेघ सोडून अशी मोडली की तुकड्यात नदी, दोन उपनद्या आणि एक बेट दिसत होतं.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“या वयात,” परीक्षक गहिवरून म्हणाले, “स्वतःचा लौकिक पणाला लावून बाईंनी आपल्याला खोकल्याचं महत्त्व पटवून दिलं.”

“अरे नाही रे गाढवा, ऐक...” बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात इतका वेळ अडवलेला खोकला आला. सगळी सभा आदराने उभी राहिली.

खुर्च्यांच्या त्या गोंधळात मुलगी पुढे आली. बाईंच्या हातातला वाकडा तुकडा तिने घेतला, रेघ ओढली आणि मोडला. टक्. तुकडा सरळ होता. तिने तो टेबलावर ठेवला आणि सभेकडे पाहत उभी राहिली.

ठराव मांडला गेला: निकाल कायम ठेवावा. बाईंना मताचा अधिकार नव्हता. त्यांनी ते मनातल्या मनात दिलं, जिथे ते कुणाच्या उपयोगी पडत नाही. बेकरीवाल्याचा हात खालीच राहिला. बाकी सगळे वर गेले. कारखान्यातली जागा डॉक्टरांच्या पत्रवाल्या मुलाला मिळाली.

तुम्ही म्हणाल, आपण तिथे असतो तर असं होऊ दिलं नसतं. पण तुम्ही होतात. तिसऱ्या रांगेत, खांबाच्या बाजूला. त्या गोंगाटात काच मोडल्याचा आवाज तुमच्या कानावर आला, तुम्ही वळून तो तुकडा पाहिलात, आणि तो सरळ आहे हे तुम्हाला कळलं. मग तुम्ही शेजारच्याकडे पाहिलंत. त्याचा हात वर होता.