पहिल्या गंधाचे मानकरी

गावात नवा माणूस दिसला की लोक त्याला नाव विचारतात, गाव विचारतात. हैबतआबा विचारतात, "घोडा कुणाचा?"

घोटावड्याच्या पुढं डोंगराकडं वळलं की आमचं गाव. तिथं घोडा दिसतो तो वरातीत, तोही भाड्याचा. पण आबांना उत्तर लागतंच. माणूस कंपनीच्या बसनं कामाला जात असेल तर आबा म्हणणार, "सरकारी घोडा. बारगीर." स्वतःची मोटरसायकल असेल तर, "आपला घोडा. शिलेदार." आणि गाडीचे हप्ते चालू असतील तर बोट वर करून, "बँकेचा घोडा. फिटंस्तवर बारगीर." शिलेदाराच्या वर जुमलेदार, मग हजारी, पंचहजारी आणि शेंड्यावर सरनोबत. अख्खं जग या शिडीवर कुठं ना कुठं उभं आहे असं आबांचं म्हणणं.

एकदा सूसच्या सोसायटीतला एक आयटीवाला रस्ता चुकून त्यांच्या अंगणात आला. आबांनी त्याला पाणी दिलं आणि हुद्दा विचारला. तो म्हणाला, सीनियर असोसिएट. हाताखाली माणसं किती, तर एकही नाही. आबांनी बराच विचार केला. "मग शीनियर कुणापरीस?" तो बिचारा रस्ता न विचारताच निघून गेला.

मी बारगीर होते. आठवीत शाळेतून मुलींना सायकली मिळाल्या, त्यातली एक मला मिळाली. सरकारी घोडा! आबांचा निकाल लगेच लागला. त्यांच्या ओटीवर बसायच्या जागा ठरलेल्या. बारगिराला सतरंजी, शिलेदाराला स्टूल, जुमलेदाराला बिनहाताची खुर्ची. स्वतः आबा हात असलेल्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, खाली गोधडीची घडी. तिला ते गादी म्हणत. गादीवरून उठायचं ते आपल्याहून वरच्यासाठीच, हा त्यांचा कायदा. एकदा माजी सभापती मतं मागायला आले, तरी आबा उठले नाहीत. सभापती स्टुलावर बसले. 'माजी' म्हणून एक पायरी खाली.

मला सतरंजीचं वाईट वाटत नव्हतं. आमच्या घरात तीही नव्हती. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दोन बोटं कारखान्यातल्या प्रेसमध्ये गेली आणि त्याबरोबर मशीनवरचं कामही गेलं. मग गेटवर रात्रपाळीचा वॉचमन. आई लग्नांच्या भटारखान्यात पुऱ्या लाटायला जायची. उरलेल्या पुऱ्या घरी यायच्या, म्हणून लग्नसराईत आम्ही खाऊनपिऊन सुखी असायचो. पाऊसकाळात लग्नं बंद. तेव्हा आई दोन वेळचा भात एका वेळी शिजवायची, आणि आम्ही तो एकाच वेळी संपवायचो.

आबांच्या ओटीवर दिवा होता आणि शांतता होती. मी तिथं अभ्यास करायचे. ते मधेच विचारायचे, "इनामदार मोठा का जहागीरदार?" मी जहागीरदार म्हटलं की खूश. इनामदार म्हटलं तरी खूश, कारण मग तासभर समजावून सांगता यायचं.

पण आबा नुसते बोलघेवडे नव्हते. गावात त्यांना खरा मान होता. त्यांच्या कुणा पूर्वजाला कधीतरी एक घोडा आणि पहिल्या गंधाचा मान मिळाला होता, असं सांगतात. घोडा गेला, मान राहिला. जत्रा असो, साखरपुडा असो, सुपारी असो, गंधाचं ताट आबांच्या हातात. पहिलं बोट कुणाच्या कपाळाला, दुसरं कुणाच्या, कुणाला फेटा, कुणाला टोपी, कुणाला नुसता नारळ, हे आबा ठरवणार. आमच्याकडं लग्न मोडायला हुंडा लागत नाही, गंधाचा क्रम चुकला तरी पुरतो. आबांच्या हातून तो कधी चुकला नव्हता. लोक म्हणायचे, तहसीलदाराची सही चुकेल, आबांचं बोट चुकणार नाही.

मी बारावी पास झाले आणि तात्यांनी, म्हणजे आप्पांच्या थोरल्या भावांनी, माझ्यासाठी स्थळ आणलं. मोठं घराणं, वतनदार, रस्त्याला लागून जमीन. आप्पा बोलले नाहीत. बोटं गेल्यापासून ते भावापुढं बोलतच नसत. आई रडली, पण तिचं म्हणणं असं की पोरगी पोटभर जेवेल तरी.

मी आबांकडं गेले. म्हटलं, आबा, मला कॉलेजला जायचंय. ते सुपारी कातरत होते. त्यांनी विचारलं, "पोराचा घोडा कुणाचा?" मी म्हटलं, बापाचा. "मंग बारगीरच की," म्हणाले आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले. मी घरी आले. हा माणूस काही कामाचा नाही, असं वाटलं.

लग्न पक्कं करायच्या सुपारीच्या दिवशी अंगणात मांडव घातला. पाहुणे दोन गाड्या भरून आले. पुढं बसले मुलाचे थोरले चुलते, पांढरी मिशी, कडक इस्त्री. आबा ताट घेऊन निघाले तसं चुलत्यांनी टोपी जरा मागं सरकवली आणि कपाळ पुढं केलं.

आबांचं बोट त्या कपाळासमोरून पुढं गेलं आणि मुलाच्या मामाच्या कपाळाला लागलं.

भटारखान्यातल्या बायका लाटणी तशीच टाकून बाहेर आल्या. मामा घाबरून चुलत्यांकडं बघायला लागले. आबांनी दुसरं गंध मुलाच्या आत्याच्या नवऱ्याला लावलं. मग एका लांबच्या मेव्हण्याला, जो नुसता गाडी चालवायला आला होता. चुलते अजून कपाळ पुढं करून बसलेले. मान अवघडली असणार.

तात्या धावत आले आणि आबांच्या कानाशी लागले. आबांनी ताटाकडं बघितलं, मग पाहुण्यांकडं. "चुकलं व्हय? वय झालं आता," एवढंच म्हणाले. पण तोवर चुलते उठले होते. आमच्या घराण्याची किंमत ड्रायव्हरच्या खाली लावली, म्हणाले. मामा समजूत घालायला गेले तर चुलते त्यांच्यावरच उखडले, की तुला आधी गंध घेताना लाज कशी वाटली नाही. भांडण त्यांच्यातच पेटलं. दोन्ही गाड्या आल्या त्या वाटेनं परत गेल्या. आईनं लाटलेल्या पुऱ्या त्या दिवशी पाहुण्यांऐवजी आम्हीच खाल्ल्या.

पुढं वर्षभर आमच्याकडं कुणी स्थळ आणलं नाही. त्या अंगणात मान राखत नाहीत, अशी बोलवा झाली होती. तात्या आमच्याशी बोलेनासे झाले. आप्पा मात्र बोलले. एका सकाळी ड्यूटीवरून आले आणि म्हणाले, चल, पौडला जाऊन कॉलेजात नाव घालू.

मला कॉलेज मिळालं, आणि आबांचं ताट गेलं. पुढच्या जत्रेत मंडळाच्या पोरांनी ठरवलं, म्हाताऱ्याला आता उमजत नाही. ताट दुसऱ्याच्या हातात दिलं. आबा दुसऱ्या रांगेत बसले. टपरीवर पोरं त्यांना चिडवायची, "आबा, चा आधी मामाला का चुलत्याला?" आबा चहा पिऊन उठून जायचे.

मी त्यांच्याकडं जात राहिले. आई कालवण द्यायची, मी डबा घेऊन जायचे. सतरंजीवर बसून अकाउंट्स सोडवायचे. तिसऱ्या वर्षाला असताना गावात एक लग्न होतं. आबा मांडवात पार मागं बसले होते, मी शेजारी. माइकवर पोरगा नावं पुकारत होता. तो पुकारायच्या आधीच आबा ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते. थोरला चुलता. धाकटा. आजोळ. मामा. आत्याचा नवरा. एकही नाव मागंपुढं नाही. पोरगा दोनदा चुकला, आबा एकदाही नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "आबा, माझ्या सुपारीला तुमचं चुकलं न्हवतं ना?"

ते गादीवर बसले. भिंतीवर त्यांच्या मुलीचा, कमलचा फोटो आहे, दोन वेण्या, हातात कसलंसं बक्षीस. कमलताई लांब दिलेली. मी तिला कधीच बघितलं नव्हतं.

"कमलला दिली ते घराणं पंचहजारी," आबा म्हणाले. "गंध मीच लावलं. चाळीस मानकरी, एकाचाबी क्रम चुकला न्हाई. लोक अजून नाव काढत्यात." मग बराच वेळ गोधडीचा एक सुटलेला टाका चाचपत राहिले. "सातवीत तिचा पयला नंबर हुता."

मी विचारलं, ताई येत नाही का.

"न्हाई," ते म्हणाले. "ती कशाला यील?"

यंदा निकाल लागला. पेढे घेऊन मी आधी आबांकडं गेले, चालतच, कारण सायकलीचं मागचं चाक कधीच निकामी झालं होतं. मला अंगणात बघून त्यांनी नेहमीचंच विचारलं, घोडा कुणाचा.

"घोडा न्हाई आबा. डिग्री हाय."

"कुणाची?"

"माझी."

आबा गादीवरून उठले. गुडघे दुखतात त्यांचे, खुर्चीच्या हातांना धरून, हळूहळू, पण पूर्ण उठले. आत जाऊन देवापुढची गंधाची वाटी घेऊन आले. मी सवयीनं सतरंजीकडं वळत होते, तर त्यांनी गादीकडं बोट दाखवलं.

मी बसले. त्यांनी माझ्या कपाळाला गंध लावलं. त्या दिवशीचं ते पहिलंच होतं. दुसरं त्यांनी कुणाला लावलं नाही.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली.