संडासाचा मुहूर्त

पारोळ्यात पारसमल शेठची डाळमिल नावाजलेली. पण तिथं डाळ निवडणाऱ्या बायकांसाठी संडास नव्हता. बायका घरून पाणी न पिताच येत आणि अंधार पडेपर्यंत कळ काढत. तानुबाईनं जन्मभर तेच केलं होतं. पण आता सून भिकुबाईला दिवस गेले होते आणि तिचे हाल सासूला बघवत नव्हते.

शेवटी सरकारी इन्स्पेक्टरनं कायद्यावर बोट ठेवलं. संडास बांधा, नाहीतर मिलला कुलूप! शेठनी मुकाट्यानं बांधला. पण नवं बांधकाम म्हटलं की शेठकडे नारळ फुटायचाच. दारावर कुंकवाचा सातिया, म्हणजे स्वस्तिक, निघाला, त्याखाली 'शुभ लाभ' उमटलं, पेढे वाटले गेले. बायकांनी चपला काढून दाराला हात जोडले.

झालं! दुसऱ्या दिवसापासून एकही बाई तिकडं फिरकेना.

"जाय ना वं पोरी," तानुबाई सुनेला म्हणाली.

"लक्ष्मीना सातियाखाले कशी बसू, आत्याबाई? पाप लागी ना!"

इन्स्पेक्टर पुन्हा आला. आत कोरडी फरशी आणि उदबत्तीची राख.

"शेठ, कायदा वापरासाठी आहे, पूजेसाठी नाही. तो सातिया पुसून टाका."

"पुसू?" शेठ पांढरेफटक पडले. "साहेब, काढलेला सातिया पुसला तर दिवाळं निघेल माझं!" मग ते तानुबाईकडे वळले. एरवी एकेरीत हाक मारणारे शेठ हात जोडून म्हणाले, "अक्का, मिल वाचवा. कुणीतरी जा हो!"

तानुबाईनं सुनेचा ओढलेला चेहरा पाहिला. टमरेल उचललं.

"पाप लागनं ते मालेच लागो," म्हणत तिनं सातियाला नमस्कार केला आणि आत जाऊन कडी लावली.

भरदिवसा, बंद दाराआड, कुणी येईल ही धास्ती नाही. असं सुख तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं. तानुबाईला रडूच कोसळलं.

डोळे पुसून ती बाहेर आली तेव्हा दाराशी रांग लागली होती. सगळ्यांत पुढे, डोक्यावरून पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेली, हातात टमरेल घेतलेली बाई होती मिलमागच्या घरातली शेठाणी, राजकुंवर.

"अगं, तू इथं?" शेठ ओरडले.

"मग कुठं जाऊ?" पदराआडून शांत आवाज आला. "लग्न झाल्यापासून घरासाठी संडास मागतेय. त्याचा मुहूर्त काही निघाला नाही."

इन्स्पेक्टरनं शेठच्या घराकडे मान वळवली. शेठ खाली बघू लागले.

राजकुंवरनं मागं वळून भिकुबाईच्या पोटाकडे पाहिलं आणि ती बाजूला सरली.

"आधी तू जा, बाई."