टोपली पालटायची राहिली

वैरागला बहिणीच्या नातवाच्या बारशाला निघताना मीनाबाईंनी यशपालला एकच काम सांगितलं होतं, पण ते तीनदा सांगितलं होतं.

"भाकऱ्या लाल काठाच्या टोपलीतनं विकायच्या. पिंकी नव्या करील त्या हिरव्या काठाच्या टोपलीत. लाल रिकामी झाली की हिरवीतल्या येक येक उचलून लालमध्ये पालटायच्या. समजलं का?"

"व्हय की आई. किती येळा सांगायलीस."

"तुला दोनदा सांगून काय हुतंय ते बघितलंय मी," असं म्हणून मीनाबाई रिक्षात बसल्या.

हा टोमणा कुठं लागला ते यशपालला बरोबर कळलं. बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर नावाचा जो विषय होता, त्यात तो दोनदा आपटला होता. बुधवारी त्याची तोंडी परीक्षा होती. आता तिसऱ्यांदा राहिला तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की वडील त्याला एसटीच्या भरतीचा फॉर्म आणून देणार होते.

वडील, हरिदास, एसटीत कंडक्टर. घरी असले की झोपलेले असायचे. त्यांचा पुढचा एक दात नव्हता. लग्नाच्या वर्षी बार्शीच्या रस्त्यावर ड्रायव्हरनं अचानक ब्रेक मारला आणि तोंड दांडीवर आपटलं, ही हकिगत त्यांनी घरोघरी सांगितलेली होती. पोरांना ती पाठ होती.

तर मीनाबाई गेल्या आणि यशपाल ओट्यावर पुस्तक घेऊन बसला. शुक्रवार पेठेत मीनाबाईंच्या कडक भाकरीला नाव होतं. पातळ, खुटखुटीत, आठवडे टिकणारी, आणि आमटीत चुरली की अशी विरघळायची की दोन घास जास्तीचे जायचे. पुस्तकाचं पहिलं प्रकरण होतं स्टॅक. म्हणजे एकावर एक रचलेली चळत. वरूनच ठेवायचं, वरूनच काढायचं. जो शेवटी आला तो पहिला बाहेर. यशपालनं पुस्तकातलं चित्र पाहिलं, शेजारची टोपली पाहिली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं की हा विषय आपल्याला यायला लागला.

आता विषय आला की माणसाला सुधारणा सुचतात. एका टोपलीत जर इतका छान स्टॅक होतोय, तर दुसरी टोपली कशाला? आई रोज पाऊण तास भाकऱ्या इकडून तिकडं करते ती निव्वळ सवयीनं. त्यानं पिंकीला सांगितलं, "नव्या भाकऱ्या लालमध्येच ठेव, वरच्या वर." आणि हिरव्या टोपलीत त्यानं आपली पुस्तकं, चार्जर आणि शेंगदाण्याची पुडी ठेवली.

पिंकी त्याची धाकटी बहीण. तिच्या हातात पहिल्यांदाच पूर्ण तवा आला होता. तिनं जीव ओतून तीस भाकऱ्या केल्या. मोडू नयेत म्हणून जरा जाड केल्या, आणि जाड झाल्या म्हणून जरा जास्तच वाळवल्या. आईच्या भाकऱ्या खाली, पिंकीच्या वर, अशी ती टोपली शिगोशीग भरली.

मंगळवारी सकाळी शेजारचे आण्णा आले. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून आण्णांचा नाश्ता म्हणजे मीनाबाईंची भाकरी आणि दही. त्यांनी तीन नेल्या आणि अर्ध्या तासात तिन्ही परत आणल्या.

"यशा, ही भाकरी हाय का शहाबादी फरशी?"

"काय झालं आण्णा?"

"अडकित्ता लावला रे. अडकित्त्याचा खिळा निसटला, भाकरीला नुसता वरखडा. हे बघ."

आत चुलीपाशी पिंकीचं भाकरी थापणं थांबलं. यशपालनं आवाज खाली केला. "आण्णा, हळू बोला की. पोरगी पहिल्यांदाच करायलीय."

आण्णा मनानं चांगले. ते तिन्ही भाकऱ्या ओट्यावर ठेवून गेले. परत आलेल्या भाकऱ्या यशपालनं वाचता वाचता टोपलीत ठेवल्या. अर्थातच वर. दहा मिनिटांनी दाक्षायणीकाकू आल्या, त्यांना वरच्या तीन मिळाल्या. तासाभरानं काकू त्या परत घेऊन आल्या, पुन्हा वर गेल्या. संध्याकाळपर्यंत त्या तीन भाकऱ्यांनी पेठेतली चार घरं हिंडून बघितली. मीनाबाईंच्या भाकऱ्या तळाशी शांत होत्या, त्यांच्यापर्यंत कुणाचा हातच पोचत नव्हता.

बुधवारी सकाळी आण्णा मोठ्या आशेनं आले. यशपालनं पुस्तकातून डोकं न काढता वरची भाकरी पुढं केली. आण्णांनी ती डोळ्यांजवळ धरली.

"यशा, ही माझीच हाय. ही बघ माझ्या अडकित्त्याची खूण."

त्यांनी ती परत टोपलीत ठेवली आणि पाव आणायला गेले. तेवढ्यात राजश्री मॅडमची स्कूटी थांबली. यशपालला डेटा स्ट्रक्चर शिकवणाऱ्या त्या ह्याच.

"यशपाल, बारा भाकऱ्या दे पटकन. आज तोंडीला बाहेरचे परीक्षक येतायत, वाघमोडे सर, माळशिरसचे. दुपारी त्यांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाहिजे म्हणाले. आईच्या हातच्याच ना?"

"आईच्या टोपलीतल्याच की मॅडम," यशपाल म्हणाला, आणि वरच्या बारा बांधून दिल्या.

त्याचा नंबर नेमका जेवणानंतर लागला. प्रयोगशाळेबाहेर बाकावर बसून तो मनात क्यू घोकत होता. क्यू म्हणजे रांग. जो आधी आला तो आधी बाहेर. आतून ताटांचा आवाज आला. वाघमोडे सरांचा दणदणीत आवाज आला, "मॅडम, आम्ही माळशिरसची माणसं. आम्हाला आमटीत भिजवून नका देऊ. भाकरी कोरडीच चावायची." मग 'कट्ट' असा आवाज आला.

गुंडा नावाचा शिपाई लगबगीनं बाहेर आला. "कुणाकडं लवंग हाय का रे?"

"काय झालं?"

"सायबाची दाढ गेली. अर्धी ताटात, अर्धी तोंडात."

एवढ्यात त्याचं नाव पुकारलं.

वाघमोडे सर गालाला रुमाल लावून बसले होते. पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून त्यांनी मार्कलिस्टवर वजन ठेवलं होतं, आणि ते वजन म्हणजे भाकरी होती. तिच्यावर अडकित्त्याचा वरखडा स्पष्ट दिसत होता.

"शॅक म्हंजे काय?" सरांनी विचारलं. दाढेमुळे अक्षरं निसटत होती.

"जो शेवटी आला तो पहिला बाहेर, सर." भाकरीवरची नजर निघेना.

"बरं. तुला दोन शॅक दिले. त्यांचा क्यू करून दाखव."

हा प्रश्न यशपालनं दोन्ही वर्षं सोडून दिला होता. वरून ठेवायचं आणि वरूनच काढायचं, मग तळातलं आधी बाहेर येणार कसं? राजश्री मॅडम खाली बघायला लागल्या. यशपालला एसटीचा फॉर्म दिसला, वडिलांचं तिकिटाचं मशीन दिसलं. मग समोरची भाकरी दिसली, आणि रोज सकाळी ओट्यावर बसून एकेक भाकरी उचलणारे आईचे हात दिसले.

"सर," तो हळूच म्हणाला, "दुसरी टोपली घ्यायची."

"काय?"

"नव्या भाकऱ्या हिरव्या टोपलीत ठेवायच्या. लाल रिकामी झाली की हिरवीतली वरची एकेक उचलून लालमध्ये ठेवत जायची. म्हणजे तळातली जुनी आपोआप वर येती. विकायची लालमधनं. आधी केली ती आधी जाती, सर."

"आणि लालमध्ये शिल्लक असताना नव्या झाल्या तर?"

"त्या हिरवीतच. लाल रिकामी होईपर्यंत पालटायचं नाही."

सरांनी गालावरचा रुमाल काढला. "हे कुणी शिकवलं?"

राजश्री मॅडमनी मान वर केली.

"आईनं," यशपाल म्हणाला. "शुक्रवार पेठेत भाकऱ्या विकती ती."

सरांनी कागदांवरची भाकरी उचलली, उलटसुलट केली. "ही तिनंच केलेली?"

इथं हो म्हटलं तर आईचं नाव जात होतं, नाही म्हटलं तर पिंकीचं.

"नाही सर. आईच्या भाकऱ्या तळाशी राहिल्या. तिनं पालट म्हणून तीनदा सांगितलं होतं, मी पालटलं नाही. चूक माझीच हाय."

"एवढं समजत होतं तर पालटलं का न्हाईस?"

"आत्ताच समजलं, सर."

सर हसायला गेले आणि दाढ धरून थांबले. मग त्यांनी मार्क मांडले. "पास केलंय. पण हे मार्क तुझ्या आईचे हायत, घरी गेल्यावर तिला दे."

यशपाल घरी पोचला तेव्हा मीनाबाई परत आल्या होत्या. सगळी पेठ त्यांना भेटून गेली होती. पिंकी कोपऱ्यात रडत होती. मीनाबाईंनी हिरव्या टोपलीतली पुस्तकं काढून बाजूला ठेवली होती आणि लालमधली एकेक भाकरी तिच्यात पालटत होत्या.

"पास झालास?"

"झालो. तुझ्या जिवावरच झालो."

"मग बस हितं. पालटू लाग."

तो मांडी घालून बसला. पिंकी हुंदके देत म्हणाली, "आई, माझ्यामुळं एका सरांची दाढ गेली. मी आता तव्याला हात लावायची न्हाय."

मीनाबाईंनी तिची एक भाकरी उचलली, बोटानं टकटक वाजवली आणि नीट टोपलीत ठेवली.

"गप बस. माझी पहिली भाकरी अशीच झाली हुती. तुझ्या बाचा पुढचा दात कशानं गेला वाटतंय तुला?"

पिंकीचं रडं थांबलं. यशपालचा हात टोपलीतच राहिला. दोघांनी वळून वडील झोपले होते त्या कॉटकडं पाहिलं.

हरिदासांनी कूस बदलली आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.

"ब्रेकच लागला हुता," ते चादरीतून म्हणाले.