वडिलांच्या विरोधाची सोय

संगीत कानांनी कळते, हा फार जुना आणि चांगल्या शिकल्या-सवरल्या माणसांतही आढळणारा गैरसमज आहे. संगीत जिन्यात कळते. निदान आमच्या वस्तीच्या संगीत शाळेत तरी ते तिथेच कळते, आणि आमची शाळा अजून बंद पडलेली नाही. याहून मोठा पुरावा कोणाला हवा असेल तर त्याने स्वतःची शाळा काढून बघावी.

शाळा लाँड्रीच्या वर आहे. जिना अरुंद, खालून इस्त्रीची वाफ येते आणि भिंतीवर काचेच्या चौकटींत शिक्षकांचे परिचय टांगलेले आहेत, साधारण तीन पायऱ्यांना एक शिक्षक या हिशेबाने. पालक मुलाचा हात धरून वाचत वाचत चढतात आणि वर पोहोचेपर्यंत पोराने कोणते वाद्य शिकायचे ते ठरलेले असते. (वर्गाचे दार लोटून पाच मिनिटे ऐकण्याची मोफत सोय आहे. तिचा लाभ आजवर एकाच गृहस्थाने घेतला. तो विजेचे मीटर शोधत होता.)

या परिचयांसाठी एक समिती आहे आणि मी तिचा मानद सचिव. संगीतातले मला ओ की ठो कळत नाही, त्यामुळे माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल कोणी शंका घेऊ नये. सारी नोकरी मी हरवलेल्या सामानाच्या कचेरीत काढली. जी वस्तू समोर नाही तिचे खात्रीलायक वर्णन लिहायचा हात तिथेच बसला.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपण सगळेच लहानपणी ऐकतो. आमच्या समितीने त्याच्या पुढचे पाऊल टाकले. घाव नीट दाखवले की देवपण वेगळे तपासत बसावे लागत नाही. गिटारच्या सरांचेच बघा. ‘संगीतासाठी अभियांत्रिकी सोडली’ असे त्यांच्या चौकटीत आहे. (सोडण्याचा निर्णय उभयपक्षी होता, कॉलेजने तो तिसऱ्या वर्षी आधी घेतला.) त्यांच्या वडिलांनी पहिली गिटार माळ्यावर फेकली. ड्रमच्या सरांना वडिलांनी घराबाहेर काढले. (रोज सहा ते सात. शेजाऱ्यांची तशी विनंती होती.) गायनाच्या बाईंना घरातून गाण्याची सक्त मनाई होती, म्हणून त्यांनी न्हाणीघरात नळ सोडून रियाज केला. पियानोच्या बाई ‘सहा महिने परदेशी वास्तव्य’ करून आल्या आहेत. बहिणीचे बाळंतपण आटोपले नसते तर त्या आणखी शिकल्या असत्या.

एकूण हिशेब असा: शिक्षक पाच; घरून विरोध चार; वाद्याला इजा तीन; बापलेकांतला अबोला सरासरी साडेतीन वर्षे. कोणत्याही संस्थेला अभिमान वाटावा असे हे आकडे आहेत. पाचवा मात्र आमच्या नाकावर माशीसारखा बसला होता.

पाचवे म्हणजे बासरीचे सर. त्यांचा परिचय त्यांनी स्वतःच लिहून दिला होता, तो असा: ‘मी बासरी शिकवतो. सात वर्षांचा होतो तेव्हा वडिलांनी आणून दिली. आवडली.’

एवढाच. माणूस जिना चढताना गायनाच्या बाईंच्या नळापाशी डोळे पुसतो, ड्रमच्या सरांपाशी मुठी आवळतो आणि पुढच्याच वळणावर हे वाचून त्याचा पाय घसरतो.

या सरांचे वडील नळदुरुस्तीचे काम करत. पाइपांचे उरलेले तुकडे ते घरी आणत आणि हा पोरगा ते फुंकत बसे. एके दिवशी ते म्हणाले, “फुंकायचंच तर नीट वस्तू फुंक,” आणि बासरी आणली. तेव्हापासून रोज कामावरून आले की ओल्या बाह्यांनिशी भिंतीला टेकून ऐकत बसायचे. पोरगा मोठा झाला, आमच्याकडे शिकवायला लागला, तरी म्हातारबांची सवय सुटली नव्हती. रोज संध्याकाळी येत, बासरीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसत आणि प्लायवूडच्या भिंतीला डोके टेकून वर्ग सुटेपर्यंत ऐकत.

असल्या माणसाकडे मुलाला कोण पाठवणार? एक आई जिन्यात आपल्या जावेला म्हणाली ते मी स्वतःच्या कानांनी ऐकले.

“ह्यांनी काही सोसलेलंच दिसत नाही गं.”

“मग शिकवणार काय, कपाळ?”

परिणामी बासरीला तीन मुले उरली. नियमाप्रमाणे महिनाअखेरीस सहा झाली नाहीत तर वर्ग बंद करून खोली कीबोर्डला द्यायची होती. सरांच्या बायकोला सातवा महिना लागला होता. सर आमच्या संचालिकाबाईंना म्हणाले, “बाई, ही नोकरी गेली तर मला दुसरं काही येत नाही हो.” बाईंना पाझर फुटला आणि त्यांनी समितीची तातडीची बैठक लावली. समितीत संचालिकाबाई, गिटारचे सर आणि मी. पूर्वायुष्यात कुठे ना कुठे दुःख असतेच, नीट शोधणारा पाहिजे, असे मत बाईंनी सुरुवातीलाच नोंदवले.

“घरी कधी उपाशी राहिलात?” बाईंनी विचारले.

“एकदा. जुलाब होत होते.”

“वडिलांनी मारलं असेलच की कधी?” गिटारचे सर म्हणाले.

“हो, मारलं ना. बासरी बागेत विसरून आलो तेव्हा. मग दोघं मिळून बॅटरी घेऊन शोधायला गेलो.”

“सापडली?” मी सवयीने विचारले.

“सापडली. येताना भजी खाल्ली.”

गिटारच्या सरांनी कपाळाला हात लावला. “अहो, निदान आई?”

“आई म्हणायची, जरा हळू वाजव, बाबांचा डोळा लागलाय. तर बाबा आतून ओरडायचे, मी जागाच आहे!”

इतके निष्काळजी बालपण समितीने पाहिले नव्हते. शेवटी ‘बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर’ या न्यायाने वडिलांनाच आत बोलवायचे ठरले. ते बाहेर बाकावरच होते, त्यामुळे वेळ लागला नाही. बाईंनी त्यांना सारे समजावून सांगितले: वर्ग, मुले, महिनाअखेर आणि थोड्याशा विरोधाची गरज. म्हातारबांनी सगळे नीट ऐकून घेतले.

“म्हणजे मी नको म्हणालो होतो, असं लिहायचं?”

“तेवढंच नाही, काका. मोडली असं असेल तर जास्त बरं.”

“बाबा, काही गरज नाही,” सर उठून उभे राहिले.

“तू बस रे. बाळ यायचंय घरात.” म्हातारबा आमच्याकडे वळले. “लिहा मोडली म्हणून. पोरं येणार असतील तर दोन मोडल्या लिहा. चुलीत घातली लिहा. माझं काय जातंय?”

आयुष्यभर त्यांनी मुलाच्या बासरीसाठी जे जे करता येईल ते केले होते. राहिले होते ते एवढेच, आणि तेही त्यांनी एका पायावर कबूल केले. समितीने आभाराचा ठराव केला. मी त्याच रात्री नवा परिचय लिहिला, आणि माझ्या तोंडाने कशाला सांगू, पण माझ्या हातून उतरलेला तो सर्वांत चांगला मजकूर आहे. कठोर बाप, गुडघ्यावर मोडलेली बासरी, आणि त्याच बापाने टाकून दिलेल्या पाइपाच्या तुकड्यावर रात्र-रात्र चाललेली साधना. (पाइपाचा तुकडा खरा आहे. समिती पुराव्याशिवाय लिहीत नाही.)

चौकट टांगल्यावर आठवड्यात अकरा मुले आली, महिनाअखेर एकवीस. दोन तुकड्या कराव्या लागल्या. लाँड्रीवाल्याने कपडे द्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना वर जाऊन वाचून यायला सांगितले. ‘काही सोसलेलंच दिसत नाही’ म्हणणाऱ्या आईने आपली दोन्ही मुले घातली आणि जावेचे तिसरे. गिटारचे सर अस्वस्थ झाले आणि आपलीही गिटार माळ्यावरून खाली पडताना मोडली होती असे त्यांना आठवू लागले. थोडक्यात, संस्थेत चैतन्य आले.

एकच अडचण राहिली. म्हातारबा अजून रोज येऊन बाकावर बसत होते.

पालकांना हा मनुष्य कोण हे कळायला वेळ लागला नाही. मग बाकावरची माणसे एक-एक करून उठू लागली. एका आजोबांनी त्यांच्याकडे पाठ फिरवून पेपर वाचला. एक बाई तर सरळ समोर जाऊन म्हणाल्या, “तेव्हा मोडलीत, आणि आता कौतुक ऐकायला येता? काही वाटतं का जिवाला?”

म्हातारबांनी हात जोडले. “चुकलं माझं, ताई.”

त्यांनी हे इतके झकास म्हटले की मला क्षणभर माझाच मजकूर खरा वाटला.

सरांच्या कानावर ते गेले तेव्हा ते ताडकन जिन्यात आले आणि चौकट भिंतीवरून उतरवू लागले. म्हातारबांनी त्यांचा हात धरला. “वेडा आहेस का? एकवीस पोरं आहेत.” दोघे बराच वेळ त्या चौकटीला दोन बाजूंनी धरून उभे होते. खालून वर येणाऱ्या पालकांचा खोळंबा झाला.

प्रश्न प्रशासकीय होता आणि संचालिकाबाईंनी तो तसाच सोडवला. “काका, तुमचं मन आम्हाला कळतं हो. पण तुम्ही असे प्रेमाने येऊन बसलात की परिचयाला बाधा येते. लोक म्हणतील, हा कसला विरोध?”

“मग मी खाली लाँड्रीत बसू का?”

“तिथे मशीनच्या आवाजात काय ऐकू येणार?”

“तेही खरंच,” ते म्हणाले, आणि छत्री घेऊन निघाले. घरी सर बासरी काढत नाहीत. दोन तुकड्यांना शिकवून आलेला माणूस कशाला काढेल? मला त्या संध्याकाळी वाईट वाटले, हे लपवत नाही. मी चहा घेतला, तरी ते गेले नाही.

पण संस्थेला एका माणसापाशी थांबून चालत नाही. इतर पालकांत एक नवीच काळजी पसरली होती. पियानोच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील घामाघूम होऊन कचेरीत आले. “आम्ही हिला पहिल्यापासून प्रोत्साहनच देत आलो. पियानो घेतला, सोडायला येतो, टाळ्या वाजवतो. उद्या हिच्या परिचयात लिहायचं काय? आमच्या हौसेपायी पोरीचं वाटोळं झालं!” त्यांच्यासारखे बरेच निघाले. मुलांचे भवितव्य ओळखून समितीने शनिवारी पालकांसाठी ‘विरोध वर्ग’ सुरू केला. अभ्यासक्रम सोपा आहे: पहिल्या आठवड्यात नाक मुरडणे, दुसऱ्यात दार आपटणे, तिसऱ्यात अबोला (घरी सराव), चौथ्यात वाद्याला इजा. मोडकी वाद्ये शाळेतर्फे पुरवली जातात.

शिकवायला अर्थातच म्हातारबांना बोलावले. या विषयात त्यांच्याएवढे नाव दुसऱ्या कोणाचे नव्हते. आम्हाला वाटले, खूश होतील, निदान आठवड्यातून एकदा जिना तरी चढायला मिळेल. ते आलेही. पंचवीस पालक वह्या उघडून बसले. बाईंनी त्यांच्या हातात शाळेची एक तडकलेली बासरी दिली आणि प्रात्यक्षिक दाखवायला सांगितले.

म्हातारबांनी बासरी गुडघ्यावर टेकवली. दोन्ही टोके धरली. मग उचलली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि पुन्हा टेकवली. असे तीनदा झाले. पालक लिहून घेत होते.

“लिहा तुम्ही काय हवं ते,” ते शेवटी बाईंना हळूच म्हणाले, “पण हाताला सांगून बघितलं, ऐकत नाही.”

बासरी टेबलावर ठेवून ते निघून गेले. त्यांच्या जागी आम्ही ड्रमच्या सरांचे वडील नेमले. ते उत्तम शिकवतात. गेल्या शनिवारी दोन पालकांना रडू फुटले आणि एका खुर्चीचा पाय गेला.

प्रवेश सध्या सुरू आहेत. बासरीच्या दुसऱ्या तुकडीत दोन जागा शिल्लक आहेत, आणि तुम्ही इथवर वाचत आलात त्याअर्थी तुमचा विचार जवळजवळ पक्का झालेला असणार. सर तुम्हाला आवडले, वडिलांसाठी तर घशात काहीतरी दाटूनही आले असेल. आले नसेल तर मजकुरात दोष आहे, तसे कळवावे. अर्ज वर मिळेल. तुमचे आभार एवढ्यासाठी की सरांचे बालपण, बायकोचे दिवस, बापाचा जीव, सगळे तुम्ही मन लावून वाचलेत, पण सर बासरी वाजवतात कशी, हे एकदाही विचारले नाहीत. ते सांगू शकेल असा माणूस आमच्याकडे एकच होता, आणि त्याला आम्ही घरी पाठवले आहे.