विलो फोर्कचे जागरूक पालक

विलो फोर्क गावच्या शाळा मंडळाने विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी शाळेच्या बसचा थांबा चर्चच्या फाटकापासून हलवून हायवेच्या पलीकडे, ट्रॅक्टरच्या शोरूमसमोर नेला. त्यामुळे बसचे एक वळण वाचले. वळण वाचले की वेळ वाचतो आणि वेळ वाचला की मुलांचे कल्याण होते, असे ठरावात म्हटले होते. मुलांनी हायवे कसा ओलांडायचा याचा ठरावात उल्लेख नव्हता, कारण हायवे मंडळाच्या अखत्यारीत येत नाही.

लॉरेटा ग्रिग्सबीची टॅन्सी दुसरीत होती. त्या हायवेवरून मक्याचे ट्रक आणि दुधाचे टँकर असे सुसाट जात की कडेची मोठी माणसेसुद्धा टोपी धरून उभी राहत. गल्लीतल्या इतर पालकांनी यावर आपापला तोडगा काढला होता. ते मुलांना गाडीने शाळेत सोडत आणि वाटेत मंडळाला शिव्या घालत. लॉरेटा दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि तिला भल्या सकाळी हजर व्हावे लागे. रोज एखाद्या रुग्णाच्या तोंडात आरसा धरताना तिच्या मनात एकच विचार असे, पोरगी पलीकडे पोचली असेल ना?

शेवटी ती मंडळाच्या सभेला गेली. मंडळाचे अध्यक्ष डेल्बर्ट हॉक हे बियाण्यांचे व्यापारी. ते इतकी वर्षे अध्यक्ष होते की गावात काहींना ते शाळेच्या आधीपासून असावेत असे वाटे. सभेत पालकांना बोलण्यासाठी तीन मिनिटे मिळत आणि टेबलावर त्यासाठी खास दिवा होता. हिरवा असताना बोलायचे, पिवळा लागला की आवरायचे, लाल लागला की आभार मानून बसायचे. लॉरेटाने तोंड उघडले आणि दिवा लाल झाला.

"अहो, मी अजून काही बोललेच नाही!"

"बस थांब्याबद्दल बोलणार होतात ना, मॅडम?" हॉकसाहेब प्रेमळपणे म्हणाले. "तो विषय आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर नाही. व्यायामशाळेच्या फरशीला कोणतं पॉलिश लावावं, हा आहे. त्याबद्दल मोकळेपणानं बोला. आम्हाला पालकांचा सहभाग फार हवा असतो."

"मग बस थांबा पत्रिकेवर कोण आणणार?"

"मंडळाचे सभासद."

"आणि सभासद कोण होतं?"

"निवडून येतो तो. लोकशाही आहे, मॅडम."

"निवडणूक कधी असते? मी या गावात जन्मले, मला तर कधी कळलं नाही."

"असं कसं? दर वेळी सूचना फलकावर लावतो. शाळेच्या आतल्या भिंतीवर."

"शाळेच्या दाराला तर कुलूप असतं! पालकांना आत सोडत नाहीत."

"मुलांच्या सुरक्षेसाठी," हॉकसाहेब गंभीर झाले. "तुम्हा पालकांनीच मागणी केली होती. आम्ही पालकांचं ऐकतो."

त्याच क्षणी लॉरेटाने ठरवले की आपण निवडणूक लढवायची. एक जागा, दोन उमेदवार. गावाच्या आठवणीत असे कधी झाले नव्हते. इतकी वर्षे हॉकसाहेब बिनविरोध येत आणि त्यालाच जनतेचा विश्वास म्हणत.

शेजारीण जोलीन टॅकेट आपण होऊन प्रचारप्रमुख झाली. तिने फेसबुकवर गट काढला आणि दोन दिवसांत अख्खे गाव त्यात शिरले. 'पारदर्शकता हवी!' असे फलक घरोघरच्या हिरवळीवर उभे राहिले. गाड्यांच्या मागे चिकटपट्ट्या लागल्या. जी माणसे एकमेकांना वर्षानुवर्षे ओळख दाखवत नव्हती, ती आता रात्रंदिवस एकमेकांच्या संतापाला लाल बदाम देऊ लागली.

"अगं, गाव पेटलंय नुसतं!" जोलीन म्हणाली.

"ते ठीक आहे गं. पण जोलीन, सकाळी टॅन्सीला तुझ्या गाडीत नेशील का? निवडणूक होईपर्यंत."

"नेलं नसतं का? पण मागच्या सीटवर तुझेच फलक आहेत ना बाई. काढून कुठे ठेवू?"

जनमताचा रेटा पाहून मंडळानेही तातडीने पारदर्शकता समिती नेमली. समितीच्या बैठका बंद दाराआड होत, कारण दार उघडे असले की सभासदांना मोकळेपणाने बोलता येत नाही. मग उमेदवारांची जाहीर मुलाखत झाली. प्रश्न पालकांनीच विचारायचे होते, फक्त ते समितीने आधी तपासायचे होते. तपासणीतून एकच प्रश्न पार पडला. तुमचा आवडता पदार्थ कोणता?

"चिली," हॉकसाहेब म्हणाले. "खिम्याचा दाट रस्सा, झणझणीत. राजमा न घालता."

लॉरेटाला हायवेबद्दल बोलायचे होते. पण प्रश्न चिलीचा होता, आणि तिच्या आजीपासून घरात चिलीत राजमा पडत आला होता. "राजमा घालून," ती म्हणाली, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या टाळ्यांनी जोलीनचे डोके फिरले. मतदान शाळेच्या व्यायामशाळेत होते. त्याच दिवशी, त्याच शाळेच्या गाड्या लावायच्या मैदानात, तिने दोन्ही उमेदवारांच्या चिलीची स्पर्धा ठेवली, चाखा आणि आवडेल तिला चिठ्ठी टाका. लोक चिलीला येतील, येतील तसे आत जाऊन मतही देतील, असा हिशेब होता. हॉकसाहेबांनीही खिलाडूपणे आपले पातेले आणले.

थंडी मरणाची होती, तरी गाव लोटले. आणि त्या दिवशी विलो फोर्कमध्ये जी जागरूकता दिसली ती कोणत्याही लोकशाहीला अभिमान वाटावा अशी होती. चिलीसाठी मतपेटी काचेचीच हवी, असा पालकांनी आग्रह धरला. दोन्ही पातेल्यांवर दोन्ही बाजूंचे निरीक्षक बसले. एका बापाने दुसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा त्याची ओळखपत्रासकट चौकशी झाली. प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचा, असा लोकांचा हट्ट होता. चिठ्ठी टाकणाऱ्याच्या कोटावर 'मी मत दिले' असा गोल बिल्ला लावत होते, आणि बिल्ला लागला की माणूस कर्तव्य केल्याच्या समाधानाने गाडी काढून घरी जात होता.

आत व्यायामशाळेत, नव्या पॉलिशवर खुर्च्या टाकून, मतदान अधिकारी बायका लोकर विणत बसल्या होत्या.

अंधार पडू लागला तशी लॉरेटा पळी हातात धरून म्हणाली, "जोलीन, मी पटकन आत जाऊन मत देऊन येते."

"वेडी का खुळी? पातेलं सोडून? आत्ता सोडलंस तर म्हणतील, मागनं मसाला बदलला. पारदर्शकतेवर उभी आहेस ना तू? हल जराशी तर बघ!"

लॉरेटा हलली नाही. चिलीची मोजणी झाली तेव्हा ती प्रचंड फरकाने जिंकली होती. लोकांनी तिला खांद्यावर घेतले. खांद्यावरून तिला व्यायामशाळेचे दार दिसत होते. ते बंद होत होते.

शाळा मंडळाच्या निवडणुकीत हॉकसाहेब एका मताने निवडून आले. मतदार एवढे थोडे होते की अधिकारी बाईंना सगळ्यांची नावे तोंडपाठ होती. हॉकसाहेब, त्यांची बायको, मेहुणा, मेहुण्याचा मुलगा, आणि लॉरेटाच्या बाजूचे तिघे. जोलीनही त्यांत नव्हती. दुसऱ्या दिवशी हॉकसाहेबांनी स्वतः येऊन लॉरेटाचा हात हातात घेतला.

"चिली काय झाली होती, मॅडम! खोटं कशाला सांगू, तिथं मी मत तुम्हालाच दिलं."

लॉरेटाला त्यांचा राग आला नाही. त्या माणसाने निदान दोन्हीकडे मत दिले होते. तिला राग आला तो स्वतःचा, आणि त्या पळीचा, आणि गावभर मिरवणाऱ्या त्या गोल बिल्ल्यांचा.

त्या दिवशी ती दवाखान्यात उशिरा गेली. टॅन्सीचा हात धरून हायवेच्या कडेला उभी राहिली. ट्रकांच्या मधून पालकांच्या गाड्या जात होत्या. प्रत्येकीच्या मागे 'पारदर्शकता हवी!' होते. तिला पाहून सगळे पाठिंब्याचा हॉर्न वाजवत, हात हलवत, आणि थांबत कोणीच नव्हते. जोलीनने तेवढा वेग कमी केला आणि काच खाली घेतली.

"सोडायचं नाही हं, लॉरेटा! फेरमोजणी मागू! रात्रीतनं तीनशे लोकांनी पाठिंबा दिलाय!" मागच्याने हॉर्न दिला तशी ती गेली. मागच्या सीटवर फलक आरामात पहुडले होते.

"आई, तू जिंकलीस ना?" टॅन्सीने विचारले.

"हो बाळा, जिंकले."

"मग बस इकडे का नाही येत?"

 लॉरेटा दोन टँकरांमधल्या फटीची वाट पाहत होती.

विलो फोर्कच्या लोकांना हसायला हरकत नाही, माणसे हसण्याजोगीच आहेत. फक्त हसण्याआधी आठवून बघा, तुमच्या मुलांच्या शाळेच्या पालक समितीवर आत्ता कोण आहे आणि त्याला कोणी निवडले. आठवले नाही तर हॉर्न वाजवा आणि पुढे जा. टॅन्सीला सवय आहे.