कायच नाय लावल्यासारखं तोंड

माझ्या तोंडासारखं तोंड अख्ख्या करावे गावात नाय! हे मी नाय म्हनत, लोक म्हनतात. म्हंजे लोकांच्या वतीनं मीच म्हनते. तरुनपनी मी मासळीची पाटी घेऊन बसले की माझ्याकडे बघून शिळं पापलेट पुन्हा डोळे उघडायचं. खोटं वाटतंय? जा, पापलेटालाच विचारा!

आता त्या तोंडावर सुरकुत्या आल्यात. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आनि त्यावर पान्याच्या रेघा उठतात ना, तशा. पन माझी नात उन्नती, तिला नेमकं हेच तोंड पायजे झालं.

उन्नती नेरूळला मेकअपच्या क्लासला जाते. तिची शेवटची परीक्षा आली. साठीच्या पुढची बाई आनायची, तिला फाउंडेशन लावायचं आनि 'नॅचरल लूक' करून दाखवायचा.

"आजी, गुळगुळीत चेहऱ्याला कोणीपण लावेल. सुरकुतीत फाउंडेशन जाऊन बसतं, तिथे खरी कसोटी. तू माझी मॉडेल!"

मॉडेल! ह्या वयात! मी लगेच पदर सावरला.

"बरं, लावून काय करायचं?"

"लावलंय हे कोणाला कळताच कामा नये."

"मंग लावूच नको! झालीस पास!"

उन्नती हसली नाय. कारन माझ्या चिरंजीवांनी, म्हंजे तिच्या बापानं, रूपेशनं फर्मान काढलं होतं. "पास झाली तर कर तुझं पार्लर-बिर्लर. नापास झाली तर सोमवारपासून द्रोणागिरीला! तिकडं बंदराजवळ दोस्ताचं गोडाऊन हाय. कंटेनर आला, लिहून घ्यायचा. गेला, लिहून घ्यायचा. टेन्शन नाय!" रूपेशच्या मते तोंडाला रंग लावायला डोकं लागत नाय. डोकं लागतं ते दुकानांचे गाळे भाड्यानं द्यायला. तो गाळे देतो, म्हनून घरातलं सगळं डोकं त्याच्याकडेच!

उन्नतीनं मला बजावलं, "आजी, परीक्षेपर्यंत तोंडाला काय म्हणजे काय लावायचं नाही. साबण पण नाही."

"एवढंच ना? अगं, मी जन्मात कधी तोंडाला काय लावलं नाय!"

आनि परीक्षेच्या आदल्या दिवशी शेजारच्या धर्मराजच्या पोराची हळद!

तुमी म्हनाल, गेलीस कशाला? अवो, मी गावची धवलारीन! लग्नात धवले गाते. मी गायल्याबिगर हळद वाटीतनं नवऱ्याच्या अंगावर चढत नाय. एकदा मला ताप आला होता तर एक नवरा बिचारा माझी वाट बघत पाटावर बसूनच म्हातारा झाला!

मी ठरवलं, लांब उभं राहायचं, गायचं नि सुटायचं. पन आमच्या हळदीत लांब उभं राहनं म्हंजे मासळी बाजारात जाऊन वास न घेनं. नवऱ्याला हळद बोटभर लागते, बाकीची टोपभर असते ती 'मला नको, मला नको' म्हननाऱ्यांसाठी! धर्मराज एवढा मिशीवाला बाप्या, दोन्ही पंजे भरून आला. "काकी, तुमच्यापासून सुरुवात!" मी 'नको रे' म्हनायला तोंड उघडलं, तर तोंडात पन गेली.

घरी येऊन बेसन लावलं. लिंबू चोळलं. मंग समई घासायची चिंच काढली. चिंचेनं समई कशी लखलखते! मी पन लखलखले. पिवळीधमक!

उन्नती आपली ब्रश धुन्यात गुंग. मी डोक्यावरनं चादर ओढून झोपून घेतलं.

सकाळी ती आंघोळीला गेली आनि मला तिची पिशवी दिसली. डोक्यात वीज चमकली. फाउंडेशनचं कामच मुळी झाकायचं! मी लावते, हळद झाकते. लावलंय हे कुनाला कळत नाय असं उन्नतीच म्हनाली होती ना? मंग तिला तरी कसं कळनार! सांगा, ह्याच्यात चुकलं कुठं?

सगळ्यात गोरी बाटली उचलली. बोटानं लावलं, पिवळं दिसलं. परत लावलं, परत दिसलं. मंग होडीच्या फटी बुजवतात तसं दाबून दाबून भरलं. बाटली संपली तेव्हा आरशात एक गोरी मेम उभी! मी तिला 'या, बसा' म्हनून हसले, तर तिच्या गालाला तडा गेला.

म्हंजे आता हसायचं नाय. बोलायचं नाय. कोरोनाच्या वेळचा मास्क कपाटात होता तो चढवला, वरनं पदर कपाळापर्यंत ओढला.

रिक्षात उन्नती म्हनाली, "मास्क कशाला गं?"

मी हातानंच दाखवलं, धूळ.

"बोलत का नाहीस?"

मी मुंडी हलवली. सिग्नलला रिक्षा थांबली तर सिग्नलशी गप्पा मारनारी मी, आनि मुंडी हलवते! पोरगी घाबरली. माझा हात धरून म्हनाली, "आजी, तुला बरं नाही का? घरी जाऊया. परीक्षा गेली खड्ड्यात."

खड्ड्यात परीक्षा जात नाय, पोरगी द्रोणागिरीला जाते! मी रिक्षावाल्याला हातानंच 'चल, चल' केलं. तोवर घामाची धार मास्कात उतरली.

क्लासमध्ये परीक्षा घ्यायला उज्वला मॅडम होत्या. भुवया अशा चढवलेल्या, जशा दोरीला वाळत घातल्यात.

"मास्क काढा, आजी."

मी भिंतीकडे बघितलं. मॅडमनी उन्नतीकडे बघितलं. उन्नतीनं मास्क काढला.

मास्कानं आपल्याखालचं सगळं फाउंडेशन पुसून नेलं होतं! डोळे, कपाळ गोरंपान. नाकाखाली हळकुंड! आनि मास्कात माझं नाक जसंच्या तसं छापलेलं!

शेजारच्या खुर्चीमागनं भाविका नावाची पोरगी किंचाळली, "मॅडम! आजीला कावीळ! खालून वर चढतेय!"

झालं! भाविकाची मॉडेल गळ्यातल्या टॉवेलासकट जिन्यापर्यंत पोचली. एकीनं खिडक्या उघडल्या. एक उसाचा रस आनायला धावली. हॉस्पिटल का मांत्रिक ह्याच्यावर दोघी भांडायला लागल्या. मला मेलीला कुनी विचारायलाच तयार नाय!

उज्वला मॅडमनी माझी पापनी खाली ओढली. "डोळे तर पांढरे आहेत. आजी, खरं सांगा."

माझ्याकडे गोष्ट तयार होती. दिवाळे गावाला, माझ्या माहेरी, पिवळा मासा चावल्याची, एक नंबर गोष्ट! तोंड उघडलं, आनि समोर उन्नती दिसली. पोर पांढरीफटक. फाउंडेशन न लावता!

"हळद हाय, बाई. धर्मराजच्या पोराची. आनि वरचं रंगकाम मीच केलं. हिला कायसुदिक म्हाईत नाय."

"आजी!" उन्नती एवढंच बोलली. त्या एका शब्दात अख्ख्या द्रोणागिरीचे कंटेनर माझ्या डोक्यावर पडले.

भाविकानं लगेच जखमेवर मीठ चोळलं. "मॅडम, मॉडेलला आधी लावलेलं चालतं?"

"नाही चालत," मॅडम म्हनाल्या. "पुसा. आणि खाली जो चेहरा निघेल त्यावर करा. वेळ वाढवून मिळणार नाही."

उन्नतीनं पुसायला घेतलं. कापूस संपला. भाविकाचा घेतला, तो पन संपला. पिवळं तोंड अख्खं उघडं पडल्यावर ती माझ्या कानात म्हनाली, "आता एक शब्द बोललीस ना, तर तोंडपण बुजवून टाकीन."

मंग तिनं मला जांभळं कायतरी फासलं. मला वाटलं, रागानं सूड घेते! पन नाय, पिवळ्याला जांभळं मारतं म्हने. त्याच्यावर बाटल्यांतनं थेंब थेंब घेऊन रंग कालवला, जबड्यापाशी मानेशी जुळवून बघितला. ओला स्पंज, हलका हात, टप टप टप. सुरकुतीत तर नुसता स्पंज टेकवला नि उचलला. पापलेटाला मसाला लावताना आमी पन एवढं जपत नाय!

शेवटी आरशात बघितलं तर मीच! सगळ्या सुरकुत्या जागच्या जागी, पन चांगली झोप झाल्यासारख्या.

बाकीच्या पोरींनी आपापल्या म्हाताऱ्यांच्या नवऱ्या करून ठेवल्या होत्या. उज्वला मॅडम माझ्याभोवती फिरल्या. दिवा इकडनं मारला, तिकडनं मारला. रंग उतरतो का बघायला गालाला कागद टेकवला. भुवया पहिल्यांदा खाली आल्या.

"काही लावलंय असं वाटतच नाही. पास!"

आमी नाचत घरी! रूपेश सोफ्यावर वाटच बघत होता. त्यानं चष्मा लावला आनि माझं तोंड तपासलं. भाडेकरू गेल्यावर गाळा तपासतो ना, तसं. कोपरा न् कोपरा.

"परीक्षा कधी हाय?"

"झाली, पप्पा! पास झाले!"

"पास? अगं, पन लावलंय कुठं? आये गेली तशीच आली!"

"पप्पा, तेच तर करायचं होतं!"

"काय न करता पास? मंग मी पन पास! तुमचा क्लास फालतू, तुमच्या मॅडम फालतू! सोमवारी द्रोणागिरी. विषय संपला!"

उन्नतीनं मॅडमचं सांगितलं, जांभळ्याचं सांगितलं. रूपेश आपला एकच धरून बसला, "दिसत नाय ना? मंग नाय!" पोरगी आपली ब्रशची पिशवी गुंडाळायला लागली.

तशी मी उठले. मोरीतनं ओला टॉवेल आनला आनि रूपेशच्या समोर अर्धं तोंड खसाखसा पुसलं!

रूपेश सोफ्यावरनं उडाला. "आये! हे काय!"

"ही बाजू धर्मराजची. आनि ही बाजू तुझ्या पोरीची. आता बोल, काय केलं नाय तिनं?"

त्यानं पिवळ्या गालाला बोट लावलं. दुसऱ्या गालाला लावलं. बोटाकडे बघितलं. पोरीकडे बघितलं. आमच्या डोकेबाज मानसानं चष्मा काढला, पुसला, परत चढवला! मंग एकदम हळू आवाजात म्हनाला, "उन्नती बाळा... आपल्या कोपऱ्यातल्या गाळ्याच्या भिंतीला ओल आलीय. तिचं काय करता येईल का गं?"

द्रोणागिरीचा विषय तिथंच संपला. उन्नती माझ्या गळ्यात पडली. "आजी, माझ्यासाठी तू स्वतःचं तोंड पुसलंस!" आता सगळं गाव म्हनतं, गोजराआजीनं नातीसाठी अब्रूची पर्वा केली नाय. मी पन मान खाली घालून ऐकून घेते.

तुमाला म्हनून सांगते, कुठं बोलू नका. त्या चिंचेनं आनि लिंबानं नुसती आग होत होती हो. त्या गालाला अशी खाज सुटली होती की रूपेश नसता तरी मी पुसलंच असतं!