घागर हजर होती

लोहाऱ्यातल्या दुष्काळ सेवा मंडळाच्या कार्यालयात सगळं होतं. टेबल होतं, दोन खुर्च्या होत्या, दूध पावडरीची पोती होती, लेकरं तोलायचा काटा होता. फक्त कार्यालयाला वेळ नव्हती. मंडळाचे चिटणीस महालिंगप्पा यांनी आपल्या कापडदुकानाशेजारची खोली मंडळाला दिली, त्याच दिवशी कार्यालय सांभाळणाऱ्या चांगुणाला सांगून टाकलं होतं, "काम झालं पायजे बगा. कवा करायचं ते तुमचं तुमी ठरवा."

चांगुणानं ते बोलणं सणाच्या लुगड्यासारखं जपून ठेवलं होतं. त्याआधी ती रोजगार हमीवर खडी फोडत होती. तिथं मुकादमाची शिट्टी वाजली की हातोडा, आणि पुन्हा शिट्टी वाजली की भाकर. घरी सासू, हरणाबाई. तिची नजर गेलेली, आणि सुनेनं हातात घास दिल्याशिवाय ती जेवत नसे. मुकादमाची शिट्टी आणि सासूची भूक यांचा मेळ कधी बसला नाही. इथं मात्र माणसं कामावर जायच्या आत, तांबडं फुटता फुटता चांगुणा कार्यालय उघडायची, लेकरांना दूध द्यायची, कुणाचा अर्ज लिहायची. दुपारी घरी. दिवेलागणीला पुन्हा हजर. शेजारणीला, सरुबाईला ती म्हणायची, "पगार लहान हाय, पर दुपार माझी हाय."

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तीच दुपार धोक्यात आली.

"उद्या पुण्याच्या मोठ्या बाई येणार हायत," महालिंगप्पा कपाळावरची विभूती पुसता पुसता म्हणाले. "हितलं कार्यालय भर दुपारी बंद असतंय म्हणून त्यांच्या कानावर गेलंय. धा ते पाच बसंल असं माणूस बगा म्हणत्यात."

"मंग म्या काय करू, आप्पा?"

"तुमीच बसा की धा ते पाच."

"आन् आत्याला कोण जेवू घालंल?"

महालिंगप्पांनी कापड गुंडाळावं तसा तो प्रश्न गुंडाळून ठेवला. "उद्याच्याला बसा," ते म्हणाले. "बाई खूश होऊन गेल्या की पुढचं बगू."

दुसऱ्या दिवशी चांगुणा धुतलेलं पातळ नेसून दहाच्या आत खुर्चीत जाऊन बसली. येताना घागरही आणली होती. पाच वाजले की तसंच वरच्या आळीच्या विहिरीवर जायचं, टँकर त्या विहिरीत पाणी ओतायचा. तिथं चांगुणाच्या बौद्धवाड्यातल्या घागरींचा नंबर यायचा तो पाणी खाली आणि गाळ वर आल्यावर. पण नंबर यायचा, आणि यायचा तर घागर पाहिजे.

दुपार चढली. बाईंचा पत्ता नव्हता. आली ती सरुबाई. तिला चांगुणानं सासूला जेवू घालायला सांगितलं होतं.

"चांगुणे, तुझी सासू तोंड मिटून बसलीया. म्हणती, सून दुपारची आली न्हाय म्हंजी ती मेली असंल, मंग म्या जेवून काय करू."

"मी जिती हाय म्हणून सांगायचं की."

"सांगितलं. म्हणली, तिलाच येऊन सांगू दे."

आता उठणं भाग होतं. दार उघडं टाकावं तर कुत्री पावडरीत शिरणार. कुलूप लावावं तर बाई येऊन म्हणणार, बंद. चांगुणानं इकडंतिकडं बघितलं आणि तिला पाण्याच्या रांगेचा कायदा आठवला. तो गावात सगळ्यांनाच मान्य होता. घागर रांगेत असली की माणूस हजर. माणूस घरी जाऊन पोळी लाटून, लेकरू निजवून आलं तरी कुणी ब्र काढायचं नाही. तिनं कुलूप लावलं, पायरीवर घागर ठेवली आणि हजर राहून घरी गेली.

समोरच्या घरातल्या इरम्मानं दारातून ती घागर बघितली. पुण्याची माणसं येणार हे कालपासून गावभर झालं होतं. मोठी माणसं येतात तिथं पाणी येतं, हे इरम्माला ठाऊक होतं. तिनं मुकाट्यानं आपली कळशी घागरीमागं नेऊन ठेवली. तिच्या मागं हॉटेलवाल्याचा हंडा. मग पितळी घागरी, नव्या प्लास्टिकच्या घागरी, तेलाचे डबे, एक बारशाचा पाळणा सोडला तर ज्यात पाणी मावेल ते सगळं. रांग कापडदुकानावरून वळली आणि पार एसटी स्टँडला जाऊन टेकली. शिटा भरून नेणारी वडापची जीप अडली. जीपवाल्यानं आधी हॉर्न वाजवला, मग खाली उतरून आपला रेडिएटरचा डबा रांगेत ठेवला.

सासूला चार घास भरवून, आपण जिती असल्याची खात्री पटवून चांगुणा धापा टाकत परत आली, तर कार्यालयाच्या दारापर्यंत जायला वाटच नव्हती.

"जाऊ द्या जरा," ती म्हणाली. "पहिली घागर माझीच हाय."

"समद्यांचीच पहिली असती," हॉटेलवाला म्हणाला. "मागं जा."

"आवो, मला आत कामावर जायचंय."

"आमी काय हितं हुरडा खायला आलोय व्हय? मागं."

आपल्याच कार्यालयात शिरण्यासाठी चांगुणा निमूटपणे शेपटाला जाऊन उभी राहिली. तिच्या पुढं एक पिकल्या केसांच्या, खादीचं पातळ नेसलेल्या बाई होत्या. हातात फिरकीचा तांब्या. स्टँडवर उतरल्या उतरल्या त्यांनी कार्यालय कुठं म्हणून विचारलं, तेव्हा लोकांनी त्यांना रांग दाखवली होती.

चांगुणानं ओळखलं, पुण्याच्या मोठ्या बाई त्या ह्याच. आता काही बोलावं तर पंचाईत, न बोलावं तरी पंचाईत.

"या कार्यालयातल्या बाई कशा आहेत हो?" त्यांनीच विचारलं.

"हाय आपली," चांगुणा जमिनीकडं बघत म्हणाली. "कवा असती, कवा नसती."

"म्हणजे काम करत नाहीत?"

"तसं न्हाय. लोक दिवसभर खडीवर असत्यात, तवा ती घरी असती. लोक घरी असत्यात, तवा ती हितं असती." मग ती म्हणाली, "तिची सासू आंधळी हाय. या कामानं तिला दुपारचं जेवण मिळतंय. तिच्याइतकं सुख गावात सावकारालाबी नसंल."

"तुमची चांगली ओळख दिसते."

"ल्हानपणापास्नं."

तेवढ्यात वरच्या विहिरीकडं निघालेला टँकर आला. ड्रायव्हर गुलाब रोज वरच्या विहिरीवरची भांडणं ऐकून विटला होता. इथं भांडी ओळीत, माणसं गप. त्यानं ब्रेक मारला. "नवीन ठिकाण व्हय?"

महालिंगप्पा दुकानातून बाहेर आले. दाराला कुलूप, पायरीवर घागर, स्टँडपर्यंत गाव. आणि पुण्याच्या बाई कुठल्याही घटकेला येणार. पण पाणी दारात आलेलं असताना ते परत पाठवायची छाती कुणाची? "व्हय, सोड पाणी," ते म्हणाले.

गुलाबनं पाईप ओढला. "पयली घागर कुणाची?"

पुढं कुणी आलं नाही. पाणी सुटल्यावरही माणसाचा पत्ता नसेल तर घागर बाजूला, हाही कायदाच होता. गुलाब ती उचलायला वाकला.

"माझी हाय," रांगेच्या शेपटातून आवाज आला.

सगळी रांग वळली. हॉटेलवाल्यानं घागरीकडं बघितलं, चांगुणाकडं बघितलं, आणि तो काहीतरी बोलणार होता.

"तिचीच हाय," इरम्मा म्हणाली. "मी तिच्याच मागं ठिवलीया. ती मागं गेली तर माझाबी नंबर जातोय, आन् तुझाबी."

हॉटेलवाल्यानं आपला हंडा रांगेत सरळ करून ठेवला. पाईप घागरीत गेला. वरच्या विहिरीवर चांगुणाच्या घागरीत पहिलं पाणी कधी पडलं नव्हतं. ती वाट काढत पुढं आली आणि तिनं आत डोकावून बघितलं. तळ स्वच्छ दिसत होता.

खादीच्या बाई तिच्यामागून हळूहळू पुढं आल्या होत्या. "म्हणजे कार्यालयातल्या बाई—"

"म्याच, बाई." चांगुणानं मान खाली घातली. "दुपारी नव्हते. पर घागर हजर हुती."

बाईंनी स्टँडपर्यंत गेलेल्या रांगेकडं एकदा नजर टाकली. मग तांब्याची फिरकी काढून तो पुढं केला. "पहाटेपासून प्रवासात आहे," त्या म्हणाल्या. चांगुणानं आपल्या घागरीतून तो काठोकाठ भरला. पाणी पिऊन झाल्यावर बाई महालिंगप्पांना म्हणाल्या, "यांची दुपार यांच्याकडेच राहू द्या."

टँकर मग रोज कार्यालयासमोरच थांबायला लागला. पाण्यापायी मोडणारे चांगुणाचे तास वाचले, आणि तिला कळेचना त्यांचं काय करावं. शेवटी सासूलाच तिनं कार्यालयाच्या पायरीवर आणून बसवलं आणि दुपारीही दार उघडं ठेवू लागली. कुणी सांगितलं नव्हतं म्हणूनच बहुधा जमलं.

एकच अडचण राहिली. कधी बाहेर जायचं तर घागर ठेवायची सोय उरली नव्हती, पायरीवर घागर दिसली की पाण्याचीच रांग लागायची. म्हणून एकदा तिनं पायरीवर चप्पल काढून ठेवली आणि सासूचा हात धरून अनवाणीच सरकारी दवाखान्यात गेली. परत आली तो चपलेमागं चप्पल लागली होती, पार कापडदुकानाच्या वळणापर्यंत.

"कशाची रांग हाय ही?" तिनं इरम्माला विचारलं.

"आमाला काय म्हाईत?" इरम्मा म्हणाली. "तू ठिवलीस म्हंजी काय तरी देशीलच की."

चांगुणानं सासूला पायरीवर बसवलं, कुलूप काढलं, आणि द्यायला काय काय आहे ते बघायला ती आत गेली.